पाणी भरेपर्यंत

"त्यांनी मला खोटारडी ठरवलंय," निशा म्हणाली. "आज संध्याकाळपर्यंत खरं काय ते दाखवलं नाही, तर एजन्सीतून माझं नाव काढणार आहेत."

अंधेरी पूर्वेला एका झेरॉक्सच्या दुकानावर संघमित्रा साळवेचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. खोली एक, पंखा एक, आणि तोही कुरकुरणारा. निशा टेबलासमोर बसली होती. एकवीस-बावीसची, उंच, सावळी, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. शेजारी तिची आत्या सोनूबाई, मासळी बाजारातून तशीच उठून आलेली.

कोपऱ्यात सीताराम वही घेऊन बसला होता. मुलुंडला राहणारा, नोकरीतून निवृत्त झालेला. गेल्या वर्षी त्याची बायको द्रौपदी गेली. घरात भिंती अंगावर येत, म्हणून तो रोज इथे येई. संघमित्रा पूर्वी एका विमा कंपनीत खोटे दावे शोधून काढायची, तेव्हा द्रौपदी तिच्या शेजारच्या टेबलावर होती. त्या ओळखीने ती त्याला काका म्हणायची आणि कामाला लावायची. हल्ली त्याला सगळ्याचाच राग यायचा. आत्ता त्या पंख्याचा येत होता.

"पहिल्यापासून सांग," संघमित्रा म्हणाली.

"मी मॉडेलिंग करते. म्हणजे, सुरुवातच आहे. पहिलंच मोठं काम मिळालं, दागिन्यांची जाहिरात. काल सकाळी नऊला साकीनाक्याच्या स्टुडिओत जायचं होतं. साडेसहाला हा मेसेज आला."

तिने फोन पुढे केला. संघमित्राने मोठ्याने वाचलं. "'शूटिंग मढला हलवलं आहे. हा तात्पुरता नंबर. फेरीने ये. घरातल्या कुणाला तरी सोबत आण. पंजाबी ड्रेस घाल. तो सेट आणू नकोस. जेट्टीजवळ मासळीवाल्या बसतात तिथे थांब, गाडी घ्यायला येईल. पाणी भरेपर्यंत वाट बघ. नाही आली तर घरी जा.'"

"आणि तू गेलीस," सीताराम म्हणाला. त्याच्या आवाजात नको तेवढा वैताग होता.

"मी आधी मितेशला फोन केला, काका. एजन्सीत मुलींची कामं तोच ठरवतो. पाच वेळा लावला, उचलला नाही. ऑफिस उघडतं अकराला. मग काय करणार?"

"आमी दोघी खाडीपलीकडं मढला बसलो उन्हात," सोनूबाई म्हणाली. "माझा सगळा माल भाचीच्या पाठी गेला. गाडी नाय, घोडा नाय."

"मढवरून मी त्या नंबरवर फोन केला," निशा म्हणाली. "रिंग गेली, मग कुणीतरी कट केला. दुपारी मितेशचा फोन आला, कुठे मेलीस म्हणून. तोवर माझ्या जागी तेजलला उभं केलं होतं. आता तो म्हणतो, तू झोपून राहिलीस आणि कुणाच्या तरी फोनवरून स्वतःलाच मेसेज केलास. नवीन मुली असले बहाणे रोज करतात म्हणे. त्याने नाव काढलं की अंधेरीत दुसरं कुणी दारात उभं करणार नाही."

सीतारामने तो नंबर लावला. रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, आपण ज्या ग्राहकाशी संपर्क साधू इच्छिता तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. त्याने पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई.

"बंद आहे," तो म्हणाला. "पोलिसांत जा. ते मालक शोधतील."

"तक्रार करूच. पण संध्याकाळपर्यंत उत्तर मिळणार नाही," संघमित्रा म्हणाली. "निशा, 'तो सेट' म्हणजे कुठला?"

निशाने मितेशची व्हॉइस नोट लावली. "निशा, लक्षात ठेव ना. काळ्या हिल्स, केस धुतलेले, नखांना काही नाही. आणि न्यूड सेट विसरू नको. क्लायंटला गळा, खांदे एकदम मोकळे पाहिजे."

सीतारामने पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

"ही नोट कुणाकुणाला गेली होती?"

"सगळ्या टीमला. मी, मेकअपची रश्मीताई, आणि तेजल. ती राखीव होती."

"तू कुठे ऐकलीस?"

"घरी. मी आणि आत्या कोळंबी सोलत होतो. हाताला वास, म्हणून स्पीकरवर लावली. बाबा दारात जाळं दुरुस्त करत होता."

संघमित्रा उठली. "चला काका. संध्याकाळ लांब नाही."

एजन्सी लिंक रोडवर होती. रिसेप्शनच्या मुलीने त्यांना बसवलं आणि विसरून गेली. सीतारामने दोनदा जाऊन आठवण दिली. तिसऱ्यांदा तो आवाज चढवणार, एवढ्यात मितेश स्वतःच बाहेर आला. तिशीचा, दोन फोनवाला.

"मॅडम, माझं काय म्हणणं आहे, मी काय वेडा आहे का? मीच मुलगी सिलेक्ट करणार आणि मीच तिला मढला पाठवणार? क्लायंटच्या शिव्या कोणी खाल्ल्या? मी."

"ती फोन करत होती तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"स्टुडिओत. लाइटवाले आलेले. सेटवर फोन सायलेंट, हा नियम."

"म्हणजे शूटिंगच्या सकाळी मुलीला शंका आली तर तिने कुणाला विचारायचं?"

मितेशने खांदे उडवले. "आमच्या धंद्यात नऊ म्हणजे नऊ. पोचायचं, बस."

"हा मेसेज वाचा जरा."

त्याने फोन हातात घेतला, अडखळला आणि परत दिला. "मराठी बोलायला चालते माझी. वाचताना वाट लागते. घाटकोपरच्या गुजराती शाळेत होतो. तुम्हीच वाचा."

बाहेर आल्यावर सीतारामने पुन्हा नंबर लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. त्याने फोन असा खिशात कोंबला की शिवण उसवली. शिवण म्हटल्यावर द्रौपदीचा डबा आठवला, सुया-दोऱ्यांचा. तो कुठे ठेवला होता ते विचारायला आता कुणी नव्हतं.

तेजल लोखंडवाल्यात जिमच्या पायऱ्यांवर भेटली. प्रश्न ऐकून ती हसली.

"यार, मला वाटलंच माझ्यावर येणार. फायदा मलाच झाला ना. पण मितेशचा फोन आला तेव्हा मी डेंटिस्टच्या खुर्चीत होते. दाढेसाठी सुई दिलेली. अर्धं तोंड सुन्न. तशीच रिक्षात बसले. फोटोग्राफर म्हणतो, स्माइल. मी म्हणते, कुठलं स्माइल, ओठ कुठेय तेच कळत नाही. विचारा कुणालाही."

"निशा आवडते तुला?"

"ओळख कुठेय? पण तिचा गळा झकास आहे. दागिन्यांसाठी तीच बरोबर होती." ती जरा थांबली. "पण मी काम सोडणार नाही हां. मला पण दोन वर्षांनी मिळालंय."

रश्मी जोगेश्वरीला चाळीत राहायची. दारातच पाण्याची पिंपं. आत पलंगावर मेकअपची पेटी उघडी.

"मी काल वेळेवर होते," ती म्हणाली. "सकाळी पाणी भरल्याशिवाय मी घर सोडत नाही. आमच्याकडे सहाला येतं, साताला जातं. भरलं की निघते."

सीतारामने संघमित्राला कोपर मारलं. तिने लक्ष दिलं नाही.

"निशाचं नाव मीच सुचवलेलं," रश्मी म्हणाली. "ओळखीत एका लग्नाला तिचा मेकअप केला होता. मितेशला म्हटलं, ही बघ. आणि आता मलाच ऐकवतो, कुठली मुलगी आणलीस म्हणून." तिने पेटीतून एक छोटी डबी काढली. "तिच्यासाठी रंग मिसळून ठेवला होता. तिला न्यूडच शोभतं. पण बाजारात न्यूड म्हणून देतात ते गोऱ्या पोरींचं. तिच्यासाठी गडद करावं लागतं. सगळं वाया."

सीताराम छताकडे बघत होता. आजकाल लोक काहीही बोलतात, असं त्याच्या मनात आलं.

रिक्षात बसल्या बसल्या तो म्हणाला, "झालं. पाणी भरेपर्यंत. रोज पाणी भरणारीच असं लिहिणार. हीच ती."

"हिचं पाणी साताला जातं, काका. सात वाजता निशा फेरीतही बसली नव्हती. तिने मढला वाट बघायची ती कुठल्या पाण्याची?"

"शूटिंगच्या बंगल्याची टाकी भरत असेल."

"जेट्टीवर बसून टाकी दिसते?"

सीतारामची सकाळपासून तीन ठिकाणं झाली होती. प्रत्येकाकडे उत्तर होतं आणि हातात काही नव्हतं. त्याने पुन्हा नंबर लावला. बाई पुन्हा तेच बोलली.

"त्या बाईला पाठ झालोय मी," तो म्हणाला. "दर वेळी संपर्क क्षेत्राच्या बाहेर."

संघमित्राने त्याच्याकडे बघितलं. "नक्की तेच म्हणते?"

"दहा वेळा ऐकलंय."

"मग वर्सोव्याला घ्या," ती रिक्षावाल्याला म्हणाली.

कोळीवाड्यात घरासमोर बांबूंवर बोंबील वाळत होते. निशाचा बाप हरेश्वर ओट्यावर बसला होता. रुंद खांद्यांचा, पन्नाशीचा, अंगात बनियन. निशाची आई ती शाळेत असतानाच वारली होती. पोरीला त्याने आणि सोनूबाईने वाढवलं. पोरगी मॉडेल झाली हे त्याने सगळ्या कोळीवाड्याला सांगितलं होतं. शेजारणीने ते आल्या आल्याच ऐकवलं.

त्याने चहा मागवला. आला तसे कप स्वतः पुढे केले.

"तिला खोटी म्हनले?" त्याने विचारलं.

"हो. आज नाव काढणार आहेत."

"परत घेतील काय? खरं कळलं तर?"

"बघू. तुम्ही बोटीवर गेला नाहीत?"

"दोन दिस घरीच हाय. बोट काल सांजच्याला गेली. खलाशी हायत."

"कधी येईल?"

"उद्या. पाणी भरलं की लागेल धक्क्याला." त्याने पुन्हा विचारलं, "तोंडावर खोटी म्हनले तिला?"

सीतारामला त्याची कीव आली आणि थोडा रागही. आपल्या पोरीला कुणी असं फसवून नेलं असतं, तर आपण त्या माणसाचं नाव विचारलं असतं, त्याला शोधायला निघालो असतो. हा नुसता एजन्सीचं विचारतो.

संघमित्राने चहा संपवला. "हरेश्वरभाऊ, सहा वाजता एजन्सीत या. निशासाठी यायला हवं."

त्याने रिकामे कप गोळा केले. मग शर्ट आणायला आत गेला.

सहाला एजन्सीच्या काचेच्या खोलीत सगळे जमले. मितेश घड्याळ बघत होता. रश्मी पेटी मांडीवर घेऊन बसली होती. निशा आणि सोनूबाई एका बाजूला, हरेश्वर दाराजवळ उभा.

"मेसेज पाठवणाऱ्याला निशाचं वाईट करायचं नव्हतं," संघमित्राने सुरुवात केली. "मुलीला जाळ्यात ओढणारा माणूस 'एकटी ये' म्हणतो. हा म्हणतो, घरचं कुणीतरी आण, मासळीवाल्यांमध्ये थांब, गाडी आली नाही तर घरी जा. इतकी काळजी घेणारा लफंगा मी पाहिलेला नाही."

"म्हणजे काम पळवायला," मितेश म्हणाला. "तेजल."

"अर्धं तोंड सुन्न करून कुणी दागिन्यांच्या फोटोची वाट बघत बसतं? आणि तुम्हाला मराठी धड वाचता येत नाही, तर असा मेसेज लिहिणार कुठून. राहिली रश्मी."

रश्मीने पेटी घट्ट धरली.

"काकांचा संशय रश्मीवर होता. 'पाणी भरेपर्यंत.' आपण मुंबईकर पाणी भरणं म्हटलं की नळच बघतो. पण रश्मीचा नळ साताला जातो. जेट्टीवर बसलेल्या माणसाला भरताना दिसतं ते एकच पाणी, खाडीचं. भरती. मितेशभाई, तुमच्याकडे नऊ म्हणजे नऊ. वेळ पाण्यावर सांगतो तो कोळी. दुपारी आम्ही बोट कधी येईल म्हणून विचारलं. उत्तर मिळालं, पाणी भरलं की."

सीतारामला ते आठवलं. त्याने स्वतः ऐकलं होतं, कप हातात धरून.

सोनूबाईने मान वर केली. "म्हंजे माझ्यावर हाय काय तुझा डोला, बाय?"

"नाही. निशाने मढवरून फोन केला तेव्हा पलीकडे कुणीतरी कट केला. तुम्ही तिच्या शेजारी बसला होतात." ती सीतारामकडे वळली. "काका, तो नंबर लावला की बाई काय म्हणते?"

"संपर्क क्षेत्राच्या बाहेर."

"आम्ही सगळे बंद, बंद म्हणत होतो. बंद नाही, बाहेर आहे. काल सकाळी जमिनीवर होता, आज रेंज पोचत नाही तिथे आहे. आणि काल संध्याकाळी एक बोट समुद्रात गेली."

सोनूबाईने दाराकडे वळून भावाकडे बघितलं.

"खलाशाचा फोन हाय," हरेश्वर म्हणाला. "सकाळी मागून घेतला. सांजच्याला परत दिला."

"बाबा?" निशा म्हणाली.

तो तिच्याकडे बघेना.

"का ते मी सांगते," संघमित्रा म्हणाली. "निशाने घरी स्पीकरवर लावलेल्या नोटमध्ये एक शब्द होता, तो दारात बसलेल्या हरेश्वरभाऊंनीही ऐकला. तो ऐकल्यावर काकांनी पेन खाली ठेवलं. रश्मीकडे पुन्हा आला तेव्हा ते छताकडे बघायला लागले. दिवसभर माझ्याबरोबर होते, पण त्याचा अर्थ काही विचारला नाही. हो ना काका?"

सीतारामचे कान तापले. त्याने मान हलवली.

"रश्मी, न्यूड म्हणजे काय गं?"

"अंगाचा रंग. बस." रश्मीला त्यात सांगण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं. "लिपस्टिक असो, सँडल असो, आतले कपडे असोत. गळ्यातला दागिना दाखवायचा तर कपड्याची कड दिसायला नको, म्हणून आतून अंगाच्या रंगाचा, पट्टे नसलेला सेट. वरून साडी असते, पदर असतो. ही बघा न्यूड सँडल." तिने पिशवीतून एक तपकिरी सँडल काढून टेबलावर ठेवली.

हरेश्वर त्या सँडलकडे बघत राहिला. "मला वाटलं..." तो म्हणाला.

"तुला काय वाटलं?" निशा उभी राहिली. "मी तसले फोटो काढायला निघाले? आत्याला सोबत घेऊन? मग विचारायचं होतंस मला."

"कसं इचारू गो? बापानं पोरीला? तुझी आय असती तर तिनं इचारलं असतं."

सीताराम दिवसभर ज्या माणसावर रागावला होता, तो समोर उभा होता, आणि राग काही येईना. त्याची मुलगी गार्गी नाशिकला होती. द्रौपदी गेल्यापासून तो फोनवर तिला जेवलीस का एवढंच विचारायचा. बाकीचं सगळं द्रौपदी विचारायची.

"तू काय केलंस कळतंय का तुला?" निशाचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. "खोटा नंबर. ऐन वेळी बदललेली जागा. ज्यांच्यापासून सांभाळून राहा म्हणतोस, ते हेच करतात, बाबा. उद्या खरंच कुणी असा मेसेज केला तर मी कसं ओळखायचं?"

हरेश्वरने दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "ते तुला खोटी म्हनतील असं नाय वाटलं. वाटलं, एक काम जाईल. बस एक काम." तो मितेशकडे वळला. "मी क्येलं सगलं. ती खोटी नाय. पायजे तर लिहून देतो."

"लिहून तुम्ही द्यायचं, मितेशभाई," संघमित्रा म्हणाली. "मुलीला. कुठे, कधी, तिथे कोण कोण असेल, काय घालायचं, साध्या भाषेत. आणि शूटिंगच्या सकाळी कुणीतरी उचलेल असा एक नंबर. निशा, तुलाही सांगते. उचलला नाही कुणी, तर आधी ठरलेल्या जागीच जायचं. नवीन जागी नाही."

मितेशने दोन्ही फोन टेबलावर पालथे ठेवले. "नाव राहील तिचं. मी बोललो ते चुकलं, सॉरी. पण ते काम गेलं, मॅडम. तेजलचे फोटो क्लायंटला आवडले. तिथे माझ्या हातात काही नाही."

निशाने मान हलवली. ती रडली नाही. सोनूबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने हलकेच दूर केला. नाव वाचलं होतं, पण पहिलं काम घरच्याच माणसाने घालवलं होतं. त्यावर कुणाकडे तक्रार करायची, हे सीतारामलाही सुचेना.

हरेश्वर दाराकडे वळला.

"निशा," मितेश म्हणाला, "बुधवारी बोरिवलीला एक गो-सी आहे. साड्यांच्या दुकानाला मॉडेल हवीय. करशील?"

"करेन."

दाराच्या मुठीवर हरेश्वरचा हात थांबला. तो वळला. काचेच्या खोलीत इतकी परकी माणसं बसली होती, त्या सगळ्यांसमोर त्याने हळू आवाजात विचारलं, "गो-सी म्हंजे काय?"

मितेशने सांगायला तोंड उघडलं. निशाने हात वर करून त्याला थांबवलं. तिच्या चेहऱ्यावर माफी नव्हती. तिने बापाकडे बघितलं. मग शेजारची रिकामी खुर्ची पायाने थोडी बाहेर ढकलली.

"बस," ती म्हणाली. "सांगते."